आगरात ऊन आलं

वादळ किनाऱ्यावर आलं त्या दुपारी मी रत्नागिरीत, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये होते. खिडक्यांच्या फटींत जुने टॉवेल कोंबून मी आणि नवरा आतल्या खोलीत बसून राहिलो. आमची एक काच फुटली, गच्चीवरचे पत्रे उडाले, एवढ्यावर भागलं. माझे वडील, अण्णा, मात्र गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी होते, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहत. सकाळी फोनवर म्हणाले होते, "वारा आहे जरासा. पंपावर ताडपत्री टाकून येतो." त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गावातल्या कुणाचाच लागेना.

त्या वर्षी साथीमुळे आधीच सगळं बंद होतं. बाहेर पडायला पास लागत होता, तो मिळवण्यात एक दिवस गेला. खाडीवरची फेरीबोटही बंद, म्हणून चिपळूणवरून वळसा घालून गेलो. गुहागरच्या जवळपास रस्त्यावर इतकी झाडं पडली होती की गाडी पुढे जाईना. माणसं कुऱ्हाडी आणि कोयते घेऊन वाट मोकळी करत होती. नवऱ्याला गाडीपाशी थांबवून मी चालत निघाले.

आणि मी आमच्या घरावरून पुढे निघून गेले. खरंच गेले. आमचं घर रस्त्यावरून कधी दिसतच नसे. पुढे नारळी-पोफळीचं दाट आगर, आणि त्याच्या सावलीत कुठेतरी मागे घर. लहानपणी भर दुपारी बाहेरून आत आलं की डोळ्यांना काही दिसायला थोडा वेळ लागायचा. त्या दिवशी रस्त्यावरूनच एक बसकं, कौलं उडालेलं घर दिसलं, उघडी विहीर दिसली, आणि हे कुणाचं असेल असा विचार करत मी पुढे गेले. वळणावरचं देऊळ आलं तेव्हा कळलं. परत फिरले. पोफळी मध्यावर मोडून पडल्या होत्या, माड मुळांसकट उपटले होते. सगळीकडे कच्च्या लाकडाचा आणि चिखलाचा वास. खोडांवरून चढत उतरत मी ओटीपर्यंत पोचले.

अण्णा ओटीवर बसले होते. त्यांच्या बाजूला शेजारच्या चाची बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन, मांडीवर तांदळाचं सूप. अण्णांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "आलीस? पाय धू. पाणी जपून वापर, काढून आणावं लागतं."

चाची आमच्या आगराच्या दगडी गडग्यापलीकडे राहायच्या. त्यांचे यजमान जहाजावर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा कतारला. आमचा आणि त्यांचा शेजार जुना, सलोख्याचा. ईदला शिरखुर्मा इकडे यायचा, गणपतीत मोदक तिकडे जायचे. पण आमच्या घरात मासळी शिजत नसे आणि अण्णा या बाबतीत कडक. चाची कधी ओटीच्या आत आल्याचं मला आठवत नाही.

वादळात काय झालं ते अण्णांनी कधीच सांगितलं नाही. चाचींनी सांगितलं. "माझं छप्पर गेलं बाय, अख्खं. मी दाराशी उभी होते, काय करू सुचंना. तुझे अण्णा गडग्यावरून वाकून ओरडत होते. वाऱ्यात आवाज येईना. मग ते स्वतःच आले, माझा हात धरला नि ओढत घेऊन आले." आमच्या घरात फक्त न्हाणीघराला स्लॅब आहे. तिथे दोघं संध्याकाळपर्यंत बसून होती. बाहेर एकेक झाड पडत होतं. "प्रत्येक आवाजाला ते सांगायचे, हा विहिरीकडचा माड, ही जायफळाजवळची पोफळ. मग बोलायचे थांबले. मला वाटलं, वारा पडला. वारा नव्हता पडला."

मी अण्णांना रत्नागिरीला न्यायला आले होते. तसं म्हटल्यावर त्यांनी फक्त चाचींच्या घराकडे हात केला. चार भिंती उभ्या होत्या, वर आकाश. मुलाला यायला विमानं नव्हती.

"त्यांना सोडून कसा येऊ?" अण्णा म्हणाले.

मग मीच राहिले. मी शिकवते ती शाळा बंदच होती. नवरा सामान, मेणबत्त्या आणि प्लॅस्टिकचे कागद पोचवून परत गेला. वीज कधी येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून गावामागच्या उंच सड्यावर चढून जावं लागे. घराच्या अर्ध्या भागावर कागद बांधला आणि आम्ही तिघं त्याखाली राहू लागलो. पाऊस सुरू झाला होता. रात्री कागद फडफडायला लागला की कुणीच झोपत नसे. एकमेकांचा श्वास ऐकत पडून राहायचो.

मी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी चाची स्वयंपाकघरात शिरल्या. दारात क्षणभर थांबल्या, अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "भाभी, मिठाचा डबा वरच्या फळीवर आहे." तेवढंच बोलणं झालं. आई गेल्यापासून त्या चुलीवर इतक्या पातळ तांदळाच्या भाकऱ्या झाल्या नव्हत्या. अण्णा मात्र अर्धी भाकरी खाऊन उठायचे.

ते दिवसभर आगरात उभे राहत. काही करत नसत. लोक मदतीला यायचे, म्हणायचे, "अण्णा, कापून वाट करूया." अण्णा नको म्हणायचे. कापलं की संपलं, असं त्यांना वाटत असावं. पोफळी आडव्या पडल्या तरी वरचे घड कितीतरी दिवस हिरवे राहतात. ते त्या घडांकडे बघत राहत. आणि पाऊस उघडला की ऊन थेट जमिनीवर पडायचं. जिथे माझ्या आठवणीत कधी ऊन आलं नव्हतं, तिथे. उभी राहिलेली जायफळं या उन्हानेच करपायला लागली. त्यांना सावलीची सवय.

एका संध्याकाळी मी म्हटलं, "अण्णा, परत लावू ना आपण."

"पोफळ लावली की फळ धरायला सात-आठ वर्षं. माड त्याहून जास्त. मी किती वर्षांचा झालो?" मग सरळ, रोजचं काहीतरी सांगावं तशा आवाजात म्हणाले, "मी पण त्यांच्याबरोबर आडवा झालो असतो तर बरं झालं असतं."

 हातातलं भांडं खाली ठेवलं, इतकंच आठवतं. चाची चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अण्णांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, माझ्या परसातला माड पडलाय. पण एका बाजूची मुळं अजून जमिनीत हायत. उभा होईल काय?"

"आता काय उभा होणार, भाभी."

"बघून तरी या. मला काय कळतंय त्यातलं."

अण्णा गेले. गडगा तिथे पडलाच होता, दगडांवरून पलीकडे जाता येत होतं. मी लांबून बघत होते. ते माडाजवळ उकिडवे बसले, मुळांखाली हात घातला, शेंड्याकडे गेले, मधला कोंब दाबून पाहिला. बराच वेळ तिथेच होते. परत आले तेव्हा म्हणाले, "माणसं लागतील. आणि दोर."

माणसं चाचींच्या पुतण्याने आणली. तो रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका ट्रॉलरवर तांडेल होता, बोटीचा प्रमुख. मासेमारीच्या पावसाळी बंदीमुळे बोटी बंदरात होत्या आणि खलाशी रिकामे. टेम्पोतून तो चारपाच जण, बोटीचे जाड दोर आणि कप्पी घेऊन आला. अण्णांनी आधी माडाच्या बऱ्याचशा झावळ्या छाटायला लावल्या. मग पालापाचोळा आणि शेण घालून खड्डा तयार करून घेतला. कितीतरी दिवसांनी त्यांचा मोठा आवाज ऐकला. "थांबा. मुळं तुटतायत. हळू. आता ओढा." माड इंचाइंचाने उठला. तीन बाजूंनी बांबूचे टेकू दिले, दोर बांधले. तो नीट सरळ उभा झाला नाही, पण उभा राहिला.

मग आमच्या आगरातलेही काही लहान माड तसेच उभे केले. त्यानंतर अण्णांनी बाकीची झाडं कापायला परवानगी दिली. यंत्राने खोडं कापली जात होती तेव्हा ते विहिरीकडे तोंड करून बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. ते रडत होते. मी त्यांना आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

त्या पोरांनी येताना बर्फातले बांगडे आणले होते. चाची ती पिशवी हातात धरून घुटमळत होत्या. "बाहेर करते, गडग्यापाशी," त्या म्हणाल्या. अण्णांनी चुलीसाठी तीन चिरे स्वतः उचलून मांडले, पण पडवीच्या छपराखाली. पाऊस भुरभुरत होता. "बाहेर भिजाल," म्हणाले. ते मासे खाणार नव्हतेच. पण सगळे जेवेपर्यंत तिथेच बसले आणि त्या खलाशांना बोटींबद्दल विचारत राहिले. कुणाची बोट बंदरातच दुसऱ्या बोटीवर आपटून फुटली होती, कुणाची जाळी वाहून गेली होती. तांडेल म्हणाला, "तुमची झाडं निदान दिसतायत तरी. आमचं काय गेलं ते पाण्याखाली हाय." अण्णांनी त्याला स्वतः भात वाढला.

पावसाळा सरता सरता विमानं सुरू झाली आणि चाचींचा मुलगा आला. भला माणूस. दिवसभर अण्णांचे हात धरून बसला होता. छप्पर परत घालण्यापेक्षा आईला मुंब्र्याला आपल्या बहिणीकडे ठेवायचं त्याने ठरवलं होतं. चाचींना कुणी विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. जाताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. अण्णांना म्हणाल्या, "भाऊ, वेळेवर जेवा." अण्णा म्हणाले, "हो." गाडी वळणाआड गेल्यावर ते आत गेले आणि दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत.

चाचींचा माड जगला नाही. थंडीत त्याचा मधला कोंब पिवळा पडला आणि हाताने ओढला तसा निघून आला. आमच्या आगरातले दोन जगले. अण्णांनी चाचींना फोनवर ते सांगितलं नाही. "चांगला आहे," म्हणाले. खोटं बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होते.

मी रत्नागिरीला परतले. शाळा सुरू झाली, गावच्या घराला पत्रे घातले. पण माझं काहीतरी बिघडलं ते तसंच राहिलं. मुलं वर्गात धडा वाचत असतात आणि खिडकी खडखडली की मला पुढचा शब्द सापडत नाही. अण्णांचं याहून वाईट. पुढच्या वर्षी पुन्हा वादळाचा इशारा आला तेव्हा मी त्यांना आदल्या दिवशीच घेऊन आले. ते आमच्या हॉलमध्ये दाराजवळच्या खुर्चीवर चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसले. टीव्ही लावू दिला नाही. वादळ लांबून समुद्रातून निघून गेलं. गावाहून फोन आला, घर शाबूत आहे, तरी त्यांना पटेना. सकाळी पहिल्या एसटीने गेले.

आता त्यांनी आगरात केळी लावल्या आहेत, आधी सावली हवी म्हणून, आणि केळींच्या आडोशाला पोफळीची रोपं. रोपं माझ्या कमरेपर्यंत आली आहेत. सुट्टीत मी जाते, पाणी धरते. त्यांचा हात आता थरथरतो. ही पोफळ कोण काढणार, इथे कोण राहणार, हा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

मागच्या खेपेला पाणी वळवता वळवता ते म्हणाले, "पुन्हा वादळ आलं तर मला न्यायला येऊ नकोस."

"येणार," मी म्हटलं.

ते थोडा वेळ मातीचा बांध सारखा करत राहिले. मग म्हणाले, "मग लवकर नीघ. उशीर केलास तर रस्त्यात अडकशील."