सहाच्या बसचे पाठीराखे

आमच्या गावात आंदोलन सुरू व्हायला फारसं काही लागत नाही. चार माणसं कट्ट्यावर दूध प्यायला जमली आणि चौघांपैकी एकालाही घरी जायची घाई नसली, की कृती समिती स्थापन होते. शिवाजी पेठेतून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीला जाणारी सकाळी सहाची बस बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा अशीच एक समिती झाली. त्या समितीतल्या एकाही माणसानं ती बस कधी आतून पाहिलेली नव्हती. मी पाहिली होती. अकरा वर्षं तिच्या खिडकीशी बसून मी डुलक्या काढल्या आहेत, तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आम्ही रोजचे आठ-नऊ प्रवासी. मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये, आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसणारी बाई त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. पण कँटीनमधल्या बाईला मावशी म्हणायचं हा सगळ्या कारखान्यांचा कायदा आहे, म्हणून मीही तिला मावशी म्हणायची आणि ती मला अक्का. तिच्या गुडघ्यात सळी घातलेली होती, त्यामुळे मोटारसायकलवर बसता यायचं नाही. सातच्या पाळीची माणसं आत यायच्या आधी चहा उकळलेला पाहिजे, हे तिचं काम. बस बंद होणार हे कंडक्टरनं सांगितलं त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "बस गेली की माझं काम गेलं बघा, अक्का." पुढे महिनाभर मी पुष्कळ भाषणं ऐकली, पण इतकं स्वच्छ कुणी बोललं नाही.

पहिलं आंदोलन म्हणजे रास्ता रोको. तो नेमका सकाळी सहाला ठेवला, कारण बस सहाची. आता सहा वाजता पेठेत रस्त्यावर असतं कोण? आमचीच बस. तीच अडवली. समितीचे लोक बससमोर बसून "बस चालू राहिलीच पाहिजे" म्हणून ओरडत होते आणि आम्ही आत बसून तेच मनात म्हणत होतो. सगळ्यांना कामावर पोचायला उशीर झाला. मावशीनं चहा ठेवला तेव्हा पाळी सुरू होऊन अर्धा तास झाला होता, आणि त्याबद्दल तिनं बोलणी खाल्ली. बातमी मात्र कुठंच आली नाही, कारण वार्ताहर मंडळी अजून उठायची होती.

मग दुसरं आंदोलन कॅमेऱ्यांच्या सोयीनं अकरा वाजता झालं. तेव्हा आम्ही सगळे प्रवासी कामावर. चॅनेलच्या मुलीला प्रवाशाचा बाईट पाहिजे होता आणि तिथं प्रवासी सोडून सगळे हजर होते. शेवटी समितीचे एक पदाधिकारी पुढं झाले आणि बोटात बुलेटची किल्ली फिरवत म्हणाले, "ही बस म्हणजे आम्हा कष्टकऱ्यांची जीवनवाहिनी हाय!" किल्लीसकट दिसले ते. तरी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे आपापला चेहरा कुठं दिसतोय ते शोधत होते.

तिसऱ्या वेळेला मला रजा काढायला लावली. मावशीलाही आणलं होतं, बाकीचे प्रवासीही मागं उभे होते. आधी माईक तिच्यापुढं धरला. ती म्हणाली, "बस गेली की माझं काम जाईल." एवढंच. चॅनेलची मुलगी वाट बघत राहिली, मग माझ्याकडे वळली. मी बोलले तर म्हणते, "काकू, जरा रागानं." परत बोलले. "अजून थोडं." तिसऱ्यांदा मला खरंच राग आला, तो तिचाच, आणि तेवढाच तुकडा दिवसभर दाखवला गेला. खाली लाल पट्टी होती, 'संतप्त महिलेचा सवाल'. राधानगरीहून नणंदेचा फोन आला की केस विंचरून उभं राहायचं होतं. खोटं कशाला सांगू, मला ते सगळं फार आवडलं. भाजीवाली ओळखायला लागली होती.

एवढी बोंब झाल्यावर अधिकाऱ्यांनी तोडगा काढला. आठ दिवस बस चालवून बघू, प्रवासी मोजू, पुरेसे दिसले तर ती कायम. समितीनं यालाच विजय ठरवून गुलाल उधळला. पहिल्या दिवशी सगळी समिती हार घेऊन बसमध्ये चढली. फोटो झाले, घोषणा झाल्या, आणि पुढच्याच थांब्यावर सगळे उतरले, कारण गाड्या मागं लावलेल्या होत्या. कंडक्टरनं त्या दिवशी इतकी तिकिटं फाडली की बिचाऱ्याचा हात दुखला असेल.

आणि दुसऱ्या दिवसापासून जनतेचा खरा पाठिंबा सुरू झाला.

आमचे चेहरे आता गावाला पाठ होते. थांब्यावर उभं राहिलं की एक तरी गाडी करकचून थांबायची. "काकू, तुम्ही त्या बसवाल्या न्हवं का? बसा की, सोडतो. आमचा पाठिंबा हाय तुमाला!" कोल्हापूरच्या माणसाला नको म्हणून बघा. तो गाडीवरून उतरतो, तुमची पिशवी हातातून काढून घेतो, आणि तुम्ही बसेपर्यंत हलत नाही. दुसऱ्या दिवशी दोघं असे गेले, तिसऱ्या दिवशी चौघं. बस तिच्या वेळेवर यायची आणि पाठिंब्यामुळे मोकळी जायची. प्रत्येकजण म्हणत होता, आजच्या दिवस फक्त.

मी चौथ्या दिवशी गेले. माझ्या कारखान्यातल्या साहेबांची मोटार. त्यांनी टीव्हीवर मला पाहिलं होतं, आणि इतकी वर्षं जी बाई पोती मोजणारी होती ती अचानक "मॅडम" झाली. आत गार हवा, मऊ सीट, मंद गाणी. पाचव्या दिवशी ते गल्लीच्या तोंडाशीच येऊन थांबले. नाही म्हणायला जीभ उचलली नाही. मोजणी चालू आहे हे मला माहीत होतं. माहीत असून बसले, हे इथं सरळ लिहून टाकते.

फक्त मावशीला कुणी नेऊ शकलं नाही. मोटारसायकलवर गुडघा वाकायचा नाही, आणि मोटारवाले तिच्यासाठी थांबले नाहीत, कारण ती रागानं बोलली नव्हती.

आठव्या दिवशी सकाळी आमची मोटार थांब्यावरून गेली. बस उभी होती, इंजिन चालू. मावशी बसच्या दारात होती, एक पाय पायरीवर आणि दुसरा खाली रस्त्यावर, म्हणजे बस हलू नये. आमच्या गल्लीकडे मान वळवून बघत होती. मी पायापाशी पडलेली पर्स शोधायला खाली वाकले. पर्स मांडीवरच होती.

बस बंद झाली. पेपरात चौकट आली, 'प्रवाशांअभावी फेरी रद्द'. एका संपादकीयात नागरिकांच्या अनास्थेबद्दल आम्हाला झापलंही होतं, ते मात्र बरोबर होतं. समितीनं तीव्र निषेध नोंदवला. मग पेठेत फुटबॉलचे सामने सुरू झाले आणि थांब्यावर गाड्या थांबायच्या बंद झाल्या. बाकीच्यांनी आपापली काहीतरी सोय लावली. माझी तर झालेलीच होती.

कँटीनमध्ये आता चहाचं मशीन आहे. बटण दाबलं की गरम पाणी आणि पावडर. पाळीची माणसं त्याला शिव्या घालत पितात.

मध्यंतरी मंडईत मावशी भेटली. घराशेजारी चपात्या लाटायला जाते म्हणाली, जमेल तसं. मी आधीच तयारी केल्यासारखं बोलून टाकलं, "त्या शेवटच्या दिवशी माझ्या अंगात ताप होता हो. उठवतच नव्हतं."

तिनं कोथिंबिरीची पेंडी झटकली, पिशवीत ठेवली आणि माझ्याकडे बघून अगदी मायेनं म्हणाली, "व्हय? मग बरंच केलासा, अक्का, गाडीनं गेलासा ते. तापात बसचं हादरं सोसलं नसतं."