हसूरामशेठचं मधलं पिस्तूल

हसूरामशेठ कुठलीही वस्तू घ्यायला गेले की दुकानदाराला एकच सांगायचे, "सगल्या रांगेत मांड." मांडल्या की दोन्ही टोकांकडून एकेक बोट पुढे सरकवत आणायचे आणि बोटं जिथे भेटतील ती वस्तू उचलायचे. पंखा असा घेतला, गॅसची शेगडी अशी घेतली, घरची मोठी गाडीसुद्धा शोरूममधल्या रांगेतून अशीच उचलली. कुणी हसलं तर म्हणायचे, "सस्तं रडवतं, म्हागाचं मिरवतं. मधलं घर चालवतं." खुद्द त्यांची बायको, मनीबाय, तीन बहिणींतली मधली. त्यापुढे कुणी काय बोलणार?

घणसोली गावात त्यांची चार मजली इमारत होती आणि मी तिच्यातला भाडेकरू. तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मी नोकरीला. खोली मागायला तिघं गेलो होतो. एक फार बोलायचा, एक तोंडच उघडायचा नाही, म्हणून मला मिळाली. तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांदेखत मला टक्कल पडलं, पण त्यांनी मला नावाने हाक म्हणून मारली नाही. मी कायमचा 'पावना'. भाडं द्यायला गेलं की ओटीवर बसवायचे आणि स्वतःच्या हाताने किटलीतून चहा ओतायचे. तो मान ते दुसऱ्या कुणाला देत नसत.

मग त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. बोलणं-चालणं सगळं सुधारलं, उजवा हात तेवढा थरथरत राहिला. चहा कपात कमी आणि बशीत जास्त पडायला लागला. एक दिवस धाकट्या मुलाने, जयेशने, त्यांच्या हातातली किटली अलगद काढून घेतली. शेठने रिकामा हात मांडीखाली सारला. मी चहा तसाच ठेवून उठलो.

खरं दुखणं पुढेच होतं. थोरला मुलगा रस्त्यावरच्या अपघातात कधीच गेलेला. त्याची मुलगी भाविका आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढलेली, आणि तिचं लग्न ठरलं होतं. त्यांच्या घराची रीत अशी की कन्यादानाला मुलीच्या बापाने तांब्यातून पाण्याची धार सोडायची. ती मुलीच्या आणि नवऱ्या मुलाच्या ओंजळीतून खाली परातीत पडते. भटजींचे मंत्र संपेपर्यंत धार तुटता कामा नये. बाप नाही म्हटल्यावर मान आजोबांचा. जयेश म्हणाला, "बाबा, धार मी धरतो ना. तुमी खुर्चीवर बसून बघा. मांडवात हसं नको व्हायला."

"धार मीच धरनार," शेठ म्हणाले. "तिच्या बापाला नदरंसमोर ठेवून धरनार. तू बस खुर्चीवर."

डॉक्टरांनी हातासाठी रबरी चेंडू दाबायला दिला होता. शेठने तो गल्लीतल्या पोरांना देऊन टाकला. "चेंडू दाबायला मी काय बालवारीत हाय?" त्याच सुमारास कोपरखैरण्याला एका सुपरमार्केटच्या वरच्या मजल्यावर नेमबाजीची रेंज निघाली. शेठ तिथे साबण आणायला गेले आणि काचेतून तासभर बघत राहिले. पोरं-पोरी एका हातात पिस्तूल धरून उभी, आणि एकाचाही हात हलत नव्हता. घरी आले ते साबण विसरून.

"पावन्या, त्यांचा हात हलत नाय. म्हनजे पिस्तुलातच काय तरी हाय."

मी म्हणालो, "शेठ, हात हलत नाही म्हणून ते पिस्तूल धरतात."

"तू आधी कोंबरी म्हनतोस, मी आधी अंडा म्हनतो. दोघं एकच."

कॉलेजात असताना एनसीसीत मी रायफल झाडली होती, असं कधीतरी मी फुशारकीने बोलून गेलो होतो. झालं! पिस्तूल-खरेदीचा जाणकार म्हणून माझी नेमणूक झाली. रेंजवरच्या प्राजक्ता मॅडमनी परोपरीने सांगितलं की काका, सुरुवातीला इथलंच पिस्तूल भाड्याने वापरा. शेठ दुखावले. "भारं मी घेतो बाय, भारं देत नाय." तेव्हा मॅडमनी मला बाजूला घेऊन समजावलं. छर्र्याच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, पण अगदी स्वस्तातलं, स्प्रिंगवालं घेऊ नका, ते झटका देतं. फार महागातलं इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचंही नको, ते ऑलिम्पिकवाल्यांचं काम. मधल्या किमतीतलं, हवेच्या नळकांड्याचं घ्या, आणि मूठ हाताला बसते का तेवढं नीट बघा.

"मधल्या किमतीतलं" हे शब्द ऐकताच शेठचा चेहरा उजळला. देवानेच मॅडमच्या तोंडून सांगितलं म्हणाले.

आता गावची दुसरी रीत. खरेदीला एकट्याने जायचं नाही. मिक्सर घ्यायचा तरी भावकी बरोबर पाहिजे, नाहीतर पुढे वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. पिस्तुलाला म्हणून आठ जण निघाले. पांढरेशुभ्र शर्ट, गळ्यात बोटाएवढ्या सोन्याच्या साखळ्या, दोन काळ्या मोठ्या गाड्या, आणि मध्ये मी, फॅक्टरीचा डबा घेतलेला. शेठच्या हातात पाण्याने भरलेला तांब्याचा तांब्या, कारण पिस्तुलाचं वजन त्याच्याएवढं पाहिजे होतं. सराव धारेचा होता ना!

दुकान मुंबईत होतं. दुकानदार किरकोळ अंगाचा, चष्मेवाला. त्याने आधी आम्हाला पाहिलं, मग काचेबाहेरच्या गाड्या पाहिल्या, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाला, "इथे कॅश नसते हो."

"घाबरू नको रं," शेठ मायेने म्हणाले. "नातीचं लगीन हाय. पिस्तूल दाव."

दुकानदार होता त्याहून पांढरा पडला. मी पुढे होऊन खुलासा केला तेव्हा त्याच्या जिवात जीव आला, आणि त्याने भीतभीतच होती नव्हती ती पिस्तुलं काउंटरवर रांगेत मांडली. शेठची दोन बोटं निघाली. बोटं भेटली ती नेमकी दोन पिस्तुलांच्या मधल्या मोकळ्या जागेत. पिस्तुलं सहा होती.

"सहात मधलं नसतंय," चुलतभाऊ चांगदेव गंभीरपणे म्हणाला. आठही माणसं विचारात पडली. दुकानदाराने सगळ्यांत स्वस्तातलं उचललं, म्हणाला, हे तसंही नेमबाजीच्या कामाचं नाही. पाच झाली. शेठने पुन्हा बोटं सरकवली. तेवढ्यात दुकानदाराला सचोटीचं भरतं आलं. "काका, हे शेवटचं नुसतं दाखवायला आहे, विकायला नाही." ते काढलं. झाली चार! दुकानात असा शोक पसरला की बाहेर उभा असलेला ड्रायव्हर काय झालं म्हणून आत आला.

शेवटी दुकानदाराने आतून दुरुस्तीला आलेलं कुणाचंतरी पिस्तूल आणून रांगेच्या टोकाला ठेवलं. पाच झाली आणि तिसरं पिस्तूल शेठच्या बोटांत आलं. एका हातात तांब्या, एका हातात पिस्तूल, असं त्यांनी डोळे मिटून तोललं. "बरोबर हाय," म्हणाले. मग जाणकार म्हणून मला पुढे केलं. मी नळीत डोकावलो, मूठ चोळली आणि "उत्तम" म्हणालो. मला ओ की ठो कळलं नव्हतं. नशिबाने ते खरंच चांगलं निघालं. मुठीची मात्र तीन मापं होती, आणि शेठने कुठलं घेतलं हे सांगायला नकोच. नांगर धरलेला त्यांचा पंजा सुपाएवढा. गावातल्या सुताराने पुढे चार दिवस ती मूठ आतून तासली.

पण नवं पिस्तूल वापरायचं कसं? खंडेनवमी आठ दिवसांवर आली होती. त्या दिवशी कोयता, मासळीची विळी, पाना-पक्कड, गाडी, सगळ्यांची पूजा व्हायची, मग पिस्तुलाचीही होणार. पूजा मनीबायकडे. तिने पिस्तुलाला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, ओवाळलं, आणि घरात आलेल्या नव्या पाहुण्याचं करतात तसं त्याचं तोंड गोड केलं. म्हणजे नळीत चिमूट चिमूट साखर घातली.

दुसऱ्या दिवशी शेठ रेंजवर उभे राहिले. मॅडम मागे, मी त्यांच्या मागे. मॅडम म्हणाल्या, "काका, दोन्ही डोळे उघडे ठेवा."

"एकच मिटतो. दुसरा हाय ना."

त्यांनी श्वास रोखला, ट्रिगर दाबला. फुस्स झालं आणि समोरच्या टेबलावर कुंकवाचा सडा पडला. छर्रा कुठे गेला ते आजवर कुणाला माहीत नाही. मॅडमनी पिस्तूल तपासलं, नळीच्या तोंडाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि इतक्या वर्षांत विचारावा लागला नसेल असा प्रश्न विचारला, "यात साखर कुणी घातली?"

"मालकिनीनं," शेठ अभिमानाने म्हणाले.

पिस्तूल साफ करून मिळालं, पण पेटीच्या कापडात साखर राहिलीच. आठवड्याने पेटी उघडली तर काळ्या मुंग्यांची रांग. मी फवारा मारायला निघालो तर अंगावर ओरडले, "काल्या हायेत रं! लक्षुमीच्या हायेत. ऱ्हाऊ दे." मुंग्या आपणहून जाईपर्यंत सराव बंद. लग्न जवळ येत होतं, आणि जयेश मला जिन्यात गाठून म्हणायचा, "तुमी शिकलेले ना? समजवा ना त्यांना." मी काय समजावणार, कपाळ?

थंडीभर ते जात राहिले. रेंजवर शाळकरी मुलांच्या रांगेत हे धोतर नेसून आडवे वळून उभे. डावा हात कमरेला खोचलेला, उजवा ताठ पुढे, एक डोळा मिटलेला. निशाणाच्या कार्डावरच्या काळ्या वर्तुळात छर्रा क्वचित गेला, मध्यावर एकदाही नाही. ज्याने आयुष्यभर मधलं उचललं, त्याला मध्य सापडेना. एक दिवस त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं आणि मॅडमना विचारलं, "हात हलायचा कदी थांबंल?"

मॅडम तरुण पोरगी. खोटं बोलली असती तरी चाललं असतं. ती म्हणाली, "काका, थांबत नाही. माझाही हलतो, सगळ्यांचा हलतो. लांबून दिसत नाही इतकंच. हलत्या हाताशी भांडायचं नाही. हलू द्यायचं, आणि श्वास सोडत ट्रिगर हळूच दाबत राहायचं."

परतीच्या रिक्षात शेठ उजवा हात मांडीवर मोकळा सोडून त्याचं हलणं बघत बसले. घराजवळ आल्यावर म्हणाले, "पावन्या, ती पोरगी आदी बोलली असती तर पिस्तूल घेतलाच नसता." रिक्षातून उतरता उतरता, "पन आदी बोलली असती तर मी आयकला नसता."

लग्नाला सगळा गाव लोटला. कन्यादानाची वेळ झाली, भटजींनी तांब्या पुढे केला. जयेश शेजारी तयारीत उभा होता, बापाच्या हातून तांब्या कधी घ्यावा लागेल म्हणून. शेठ उठले, आणि सगळ्या मांडवासमोर आडवे वळून उभे राहिले. डावा हात कमरेला खोचला. उजव्या हातात तांब्या ताठ पुढे धरला. एक डोळा मिटला. भटजींना वाटलं, यांना पुन्हा झटका आला; भटजी मंत्रच विसरले.

"चालू ठेव," शेठ ओठातल्या ओठात म्हणाले. "श्वास सोरलाय मी."

धार सुटली. हात हलत होता, अगदी स्पष्ट हलत होता. धार डावीकडे गेली, नवऱ्या मुलाची बाही भिजली. उजवीकडे गेली, भटजींच्या पोथीवर पडली. भाविका आणि तिचा नवरा ओंजळ घेऊन धारेच्या मागे मागे सरकत होते. मांडवात हसू फुटलं, मीही हसलो. मंत्र संपले. तांब्या रिकामा झाला. धार मधे एकदाही तुटली नव्हती. जयेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. शेठने तांब्या त्याच्या हातात दिला. "घे. आता किटली पन मीच धरनार."

आणि धरली. पुढचं वर्षभर ओटीवर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी आडवं उभं राहून, एक डोळा मिटून चहा ओतला. आम्ही कप घेऊन धारेच्या मागे सरकायला शिकलो.

दुसरा झटका पावसाळ्यात आला, आणि तो मात्र मधला नव्हता. दवाखान्याने घरी न्यायला सांगितलं. शेवटच्या दिवशी भाविका सासरहून धावत आली. मनीबायने तिच्या हातात गंगेच्या पाण्याचा चमचा दिला. पोरीचा हात असा कापत होता की पाणी उशीवर सांडत होतं. तिने रडत चमचा मागे घेतला आणि जयेशकडे बघितलं. मी दारात उभा होतो.

शेठच्या तोंडून शब्द मोठ्या कष्टाने आला. "हलू दे गं. श्वास सोर, मंग घाल."

तिने श्वास सोडला. हात हलतच होता, पण चमचा ओठांपर्यंत पोचला. पाणी घोटभर आत गेलं. शेठने सवयीने एक डोळा मिटला. थोड्या वेळाने दुसराही.