नऊ गुणांचे कप्तान

सुखदेवदादा कुठंही आले की आधी बसायला जागा शोधत. ओट्याची कड, सायकलचं कॅरिअर, रस्त्याकडेची खडीची रास, काहीही चालायचं. बसले की डोक्याचा दुपट्टा सोडून मानेवरचा घाम पुसायचे आणि म्हणायचे, "थकलो ब्वा." भर दुपारी म्हणायचे तसंच सकाळी अंघोळ करून निघाल्यावरही म्हणायचे. आपण नमस्कार करतो तसं.

आसेगावच्या शाळेवर मी मास्तर म्हणून रुजू झालो, त्याच संध्याकाळी ते शाळेच्या पायरीवर बसलेले दिसले. उंच, हाडकुळे, पायाला वाळलेलं डांबर चिकटलेलं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "तुमी नवे गुरुजी काय? कबड्डी येते?"

कॉलेजात खेळायचो, असं मी सांगितलं.

"कुठं उभे राह्यत होते?"

"उजव्या कोपऱ्यात."

"मंग उद्या या. आमचे दोन गडी कामाले शहरात गेले, उजवा कोपरा रिकामा हाय." एवढं बोलून ते कष्टानं उठले आणि निघून गेले.

ते सरकारी रस्त्यावर मैलकुली होते. मंगरूळपीरकडं जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा त्यांच्या हवाली होता. खड्डे बुजवायचे, अंगावर येणाऱ्या बाभळी छाटायच्या, पावसाळ्यात नाल्या मोकळ्या करायच्या. पस्तिशी उलटून गेली होती. छप्पन साली वडिलांबरोबर नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली होती, आणि बौद्ध मोहल्ल्यातल्या पहिल्या पगारी माणसांत त्यांची गणती होती. "पगार हाय म्हून लोकाइले वाटते आराम हाय," ते म्हणायचे. "आज बुजवला खड्डा उद्या पुन्हा तोंड वासून बसते. त्याले कोण सांगन, मी थकलो म्हून?"

संघ त्यांनी उभा केला तो मी यायच्या आदल्या, दुष्काळाच्या साली; ते मी नंतर ऐकलं. तोवर मोहल्ल्यातली पोरं नाल्याच्या काठी खेळायची आणि पाटीलपुऱ्यातली देवळामागच्या पटांगणात. एकमेकांचा खेळ लांबून पाहायचे, बस. त्या साली शेतात काहीच उगवलं नाही आणि अख्खं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आलं. पाटलांच्या भावकीतला गुलाबही आला. घरी जमीन होती, पण त्या साली जमीन काय कामाची. एका दुपारी बाभळीखाली बसल्या बसल्या सुखदेवदादांनी त्याला म्हटलं, "गुलाब, तुमच्याकडं चार खेळणारे, आमच्याकडं चार. सात कुठंच नाही. एकत्र खेळलो तं एक वर उरते."

गुलाब तेव्हा पंचविशीचा, अंगानं भक्कम, रागानं त्याहून भक्कम. तो लगेच हो म्हणाला नाही. पण खेळायची हौस मोठी होती. चार दिवसांनी शाळेच्या मैदानावर आला.

शाळेचं मैदान मुद्दाम निवडलेलं. ते कोणाच्याच मोहल्ल्यात नव्हतं. पहिल्या संध्याकाळीच घोळ झाला. कबड्डीत बचाव करताना साखळी करावी लागते. दोघं हात धरून उभे राहतात आणि चढाई करणाऱ्याला घेरतात. डाव्या कोपऱ्यात गुलाब आणि त्याच्या शेजारी मोहल्ल्यातला मधुकर. मधुकरनं हात पुढं केला, तर गुलाबनं त्याच्या सदऱ्याची बाही धरली. सुखदेवदादा चढाईला आले, मधोमध घुसले आणि साखळी तोडून सहज परत गेले. पुन्हा आले, पुन्हा तोडली. गुलाबनं बाही सोडून मनगट धरलं. तीही साखळी तुटली. मग सुखदेवदादा मध्यरेषेवर येऊन बसले.

"मनगट घामानं सुटते, गुलाब. बोटात बोट घाल. नाही घालाचं तं घरी जाय, मले उगाच पळवू नको. दिवसभर खडी फोडून आलो मी."

गुलाबनं कोणाकडंच न पाहता बोटात बोटं घातली. त्या दिवसापासून आमचा संघ झाला.

पुढच्या वर्षी कारंज्याला मोठे सामने भरले. बाजाराजवळच्या मोकळ्या जागेत माती चाळून मैदान केलेलं, बांबूच्या बल्ल्या, कर्णे लावलेले. आम्ही दोन सामने कसेबसे जिंकलो. तिसऱ्यात समोरचा संघच आला नाही. असे आम्ही अंतिम सामन्यात पोहोचलो. समोर एका मोठ्या कापडगिरणीचा संघ. त्या पोरांना खेळण्याचा पगार मिळायचा. एकसारखे गणवेश, मालिश करायला वेगळा माणूस, आणि मांड्या अशा की आमच्यातल्या दोघांच्या मिळून झाल्या नसत्या. आमच्या अंगावरून दुष्काळ अजून पुरता उतरला नव्हता. मधुकरच्या बरगड्या बनियनमधून मोजता आल्या असत्या.

सामना सुरू झाला आणि काय होतंय ते कळायच्या आत आमच्यावर पहिला लोण बसला. म्हणजे सातही जण बाद. उठून उभे राहतो तोच दुसरा. त्यांचा एक गडी आत यायचा, चौघांना शिवून जांभई दिल्यासारखा परत जायचा. आमचा गडी गेला की चौघं त्याच्यावर बसायचे. मी कोपऱ्यात दोनदा घोटा धरला आणि दोन्ही वेळा माणसाबरोबर फरफटत मध्यरेषेपर्यंत गेलो. कर्ण्यावरून गुण सांगणाऱ्यानं थोड्या वेळानं आमचा आकडा सांगणंच सोडून दिलं. त्याला दया आली असावी. माणसं उठून चहाकडं जाऊ लागली. आमच्या गावाहून आलेले तर आधीच गेले होते.

मध्यंतराला आम्ही मातीत बसलो. त्यांचे चाळीसच्या आसपास, आमचे चार. गुलाबचा ओठ फुटला होता. तो थुंकून म्हणाला, "पंच त्याइचा हाय. उठा. खेळत नाही म्हून सांगू अन् चाला घरी."

बाकीच्यांच्या माना हलल्या. खरं सांगतो, माझीही हलली. निघून गेलो असतो तर हरलो असं कोणी म्हटलं नसतं; अन्याय झाला म्हटलं असतं. मग गुलाब मधुकरकडं वळला. "अन् हा तं तीनदा लाइनीबाहेर गेला. मी पह्यलेच म्हटलं होतं, ह्या लोकाइले घेऊन..."

वाक्य त्यानं पुरं केलं नाही. मधुकर उठून उभा राहिला होता. त्याच्यामागं मोहल्ल्यातले आणखी दोघं उठले. पाटीलपुऱ्यातला एकजण गुलाबच्या बाजूला सरकला. आमच्या संघाची तिथंच, त्या मातीवर, मधोमध फाळणी होत होती.

सुखदेवदादा पाय पसरून बसले होते. उजवा गुडघा वांग्यासारखा सुजला होता. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"मधू, बस. गुलाब, पाणी पी. पंच कोणाचाच नाही. आपल्याले खेळता नाही येऊन राह्यलं, एवढंच हाय."

"मंग कायले खेळाचं?" गुलाब म्हणाला.

"आता उठून गेलो तं उद्या गावात काय होईन? तुमच्या पुऱ्यात म्हणतीन मधूनं घालवलं. आमच्याकडं म्हणतीन पाटलाचा पोरगा भेला. दहा साल पुरन तेवढं भांडण. त्यापरीस शेवटलोक खेळू अन् हरू. सातही जण हरू. मंग कोणाले काय म्हणाचं ते म्हणू द्या." एवढं बोलून त्यांनी हात वर केला. "उठवा मले. माह्या गुडघ्यानं उठवत नाही."

त्यांचा एक हात मी धरला. दुसरा थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग गुलाबनं धरला.

उत्तरार्धात काही चमत्कार झाला नाही. तसाच मार खाल्ला. सुखदेवदादा लंगडत चढाईला जायचे, दम घुमवायचे, पकडले जायचे, कपडे झटकून बाहेर जाऊन बसायचे. पुन्हा आत यायची पाळी आली की पुन्हा यायचे. गिरणीवाले हसू लागले होते, मग तेही थांबलं. त्यांच्या कप्तानानं एकाला ठेवून बाकीचे चांगले गडी बाहेर काढले आणि राखीव उतरवले. एकदा मात्र त्यांचा तो जांभई देणारा गडी डाव्या कोपऱ्यात जरा जास्तच आत आला. गुलाब आणि मधुकरनं बोटात बोटं घालून त्याला असा वेढला की तो हललाच नाही. दम सुटेपर्यंत दोघांनी सोडला नाही, सुटल्यावरही पंचाला दोनदा शिट्टी फुंकावी लागली. आमचा नववा आणि शेवटचा गुण तो. त्यांचे सत्तरच्या पुढं गेले होते.

परतीच्या एसटीत सुखदेवदादा खिडकीला डोकं टेकून झोपले. गावात बातमी आमच्या आधी पोहोचलेली. लोक आम्हाला 'नऊवाले' म्हणू लागले. दुकानात गेलं की वाणी हसून विचारायचा, "गुरुजी, नऊ छटाक देऊ का?" पण सुखदेवदादा म्हणाले होते तसंच झालं. हसले ते साऱ्यांना हसले. कोणाचंही नाव वेगळं निघालं नाही. आठवड्याभरानं आम्ही सातही जण मैदानावर हजर होतो. सुखदेवदादा गुडघ्याला तेल चोळत बसले होते. त्यानंतर आम्ही काहीच जिंकलो नाही. पण खेळणं कधी थांबवलं नाही.

पुढं काही वर्षांनी शेजारच्या मराठवाड्यातून, विद्यापीठाच्या नामांतरावरून, वाईट बातम्या येऊ लागल्या. वस्त्या जाळल्याच्या, माणसं गाव सोडून चालल्याच्या. आमच्या गावात काही झालं नव्हतं, पण विहिरीवर, पारावर, शाळेतसुद्धा आवाज खाली आले होते. मोहल्ल्यातली माणसं अंधार पडायच्या आत घरी जात. मी सुखदेवदादांना म्हटलं, "काही दिवस खेळ बंद ठेवू या का?"

"ठेवा ना," ते म्हणाले. "मी तं कवाचाच थकलो हाय. पण एकदा बंद झाला तं सुरू कोण करन, गुरुजी?"

त्या संध्याकाळी ते नेहमीसारखे आले. मोहल्ल्यातले तिघं आले. पाटीलपुऱ्याकडून बराच वेळ कोणी दिसेना. मग गुलाब आला, मागं आणखी दोघं. कोणी कोणाला रामराम की जयभीम केलं नाही. खेळ सुरू झाला, पण तो खेळ नव्हता. गडी आत यायचा, समोरचे बाजूला सरकायचे. पकड व्हायची ती नुसती बोटं लावल्यासारखी. चुकून जोर लागला, कोणाला लागलं, तर उद्या त्याचं काय होईल, हे प्रत्येकाच्या डोक्यात होतं.

सुखदेवदादा चढाईला गेले. तीन बाजूंनी माणसं होती आणि कोणीही त्यांना धरलं नाही. ते मध्येच दम सोडून थांबले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"धरा ना बे. म्हातारा माणूस आत येऊन उभा हाय, अन् तुमी धरून नाही राह्यले. हात लावाले भेता काय माह्या आंगाले?"

ते परत गेले, वळले, पुन्हा दम घुमवत आत आले. थेट गुलाबच्या अंगावर. गुलाबनं त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि दोघं धाडकन मातीत पडले. वरून मधुकरही कोसळला, तो कोणत्या बाजूचा होता हे विसरून. धुरळा बसला तेव्हा सुखदेवदादा खालून खोकत म्हणाले, "आता सोड ना. मारतं काय?"

गुलाबनं सोडलं आणि त्यांना उठवलं. खेळ संपल्यावर तो म्हणाला, "दादा, थांब. मोहल्ल्यापर्यंत येतो तुह्यासंग." आणि आला. दुसऱ्या दिवशीही आला. त्या सबंध महिन्यात त्यानं ते सोडलं नाही. आमच्या गावात त्या साली काही घडलं नाही. कबड्डीमुळं घडलं नाही असं मी म्हणणार नाही. मी पाहिलं तेवढं सांगतो.

मग माझी बदली मालेगावला झाली. येणंजाणं कमी होत गेलं. सुखदेवदादांच्या गुडघ्यानं पुढं त्यांना फार छळलं, आणि नोकरीची वर्षं संपायच्या आधीच छातीच्या दुखण्यानं ते गेले. मला कळलं ते महिन्यानं, कारंज्याच्या एसटी स्टँडवर, गुलाब भेटला तेव्हा. त्याचे केस पांढरे झाले होते. आम्ही बाकावर बसलो. त्यानं चहा सांगितला आणि बराच वेळ घेतलाच नाही.

"शेवटी शेवटी मी रोज जात होतो, गुरुजी," तो म्हणाला. "बसाचो खाटेपाशी. ध्यान कमी झालं होतं. माणसं ओळखत नव्हता नीट. एक दिवस मलेच इचारते, कारंज्याच्या फायनलमधी काय झालं होतं रे? मले वाटलं, आता ह्या हालतीत कायले खरं सांगाचं. म्हटलं, थोडक्यात गेली, दादा. एका गुणानं."

कपातल्या चहावर साय धरली होती.

"त्यानं डोये उघडले. पाह्यलं माह्याकडं. म्हणे, खोटं कायले बोलतं, गुलाब? लय वाईट हरलो आपण."