टाक्यांचा धवला

नीराबाईला "बरं वाटतंय का?" असं विचारायच्या फंदात गावात कुणी पडत नसे. ताप असो, पाय मुरगळलेला असो, तिचं उत्तर ठरलेलं. "मला काय धाड भरलीय?" त्यामुळे १९३२ सालच्या भातकापणीनंतर तिच्या पोटात गाठ धरली आणि तीन महिने ती पदराखाली हात दाबून हिंडली, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते फक्त तिच्या गाण्यातल्या जोडीदारणीच्या, काशीच्या.

रेवसच्या अलीकडच्या त्या आगरी गावात नीराबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळद दळण्यापासून प्रत्येक विधी धवलारणीच्या गाण्यावर चालतो. त्या गाण्याला धवला म्हणतात. तो दोघींनी म्हणायचा. एक ओळ सोडते, दुसरी झेलते. बावीस वर्षं नीराबाई सोडत होती आणि काशी झेलत होती. जुने भाग नीराबाईला सासूकडून आलेले, पण प्रत्येक घरासाठी ती नवी जोड रचायची. त्या घरचे देव, मेलेली माणसं, नवरी लहानपणी कुठल्या बांधावरून पडली, सगळं त्यात यायचं. स्वतःबद्दल मात्र तिनं कधी एक ओळ केली नव्हती.

काशीला झेलायची इतकी सवय झाली होती की बोलतानाही ती सुटत नसे. नीराबाईनं "पानी दे" म्हटलं की काशी आधी "पानी दे" म्हणायची आणि मग उठायची. दोघींत एकच जीभ आहे अशी गावची थट्टा होती.

फाल्गुनात काशीनं नीराबाईच्या नवऱ्याला, धर्माजीला, सगळं सांगून टाकलं. रेवसहून आगबोटीनं नीराबाईला मुंबईला नेलं आणि इस्पितळात तिचं पोट फाडलं. मरणाची तिला फारशी भीती नव्हती, भीती होती ती हुंगवायच्या औषधाची. त्यानं डोक्यातला धवला पुसला गेला तर? शुद्धीवर आल्यावर तिनं देवाचं नाव घेतलं नाही, नवऱ्याचीही चौकशी केली नाही. डोळे मिटून हळदीचा धवला पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात म्हणून पाहिला. एक शब्द गेला नव्हता. मग ती निवांत झोपली.

डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं, की गाठीबरोबर गर्भाची पिशवीही काढावी लागली. नीराबाईला मूल नव्हतं. चाळिशी उलटली तरी तिनं आशा पुरती सोडली नव्हती, आणि हे ती स्वतःशीसुद्धा कबूल करत नसे. "गाठ काढली यवढाच गावात सांग," तिनं काशीला बजावलं. "गाठ काढली यवढाच," काशी म्हणाली.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन महिने ओझं नको, मोठा आवाज नको. आतले टाके कच्चे आहेत."

"धवला पोटातून म्हनतान बाय, गल्यातून न्हाय."

"म्हणूनच नको."

इथेच पंचाईत झाली. काळूरामच्या मुलीचं, केसरचं लग्न वैशाखात, म्हणजे जेमतेम सात आठवड्यांवर होतं. काळूराम भला माणूस. अंगणात चप्पल काढून, मान खाली घालून म्हणाला, "नीराबाय, तुमी आराम करा. थलच्या धवलारनीला, मनुबायला सांगावा धाडू का?"

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण नीराबाईला पुढचं सगळं दिसलं. मनुबाईचा आवाज एकदा या गावच्या मांडवात चढला की पुढची लग्नंही तिच्याकडेच जाणार. आणि धवलारीण नाही तर नीराबाई कोण? मूल नसलेली, पोट फाडलेली एक बाई.

"केसरची जोड मी इस्पितलाच्या खाटंवर बांधून ठेवलीय," ती म्हणाली. "ती माजीच लागंल."

ठरलं असं, की नीराबाईनं कानात ओळ सांगायची, काशीनं ती मोठ्यानं सोडायची आणि बायकांनी झेलायची. काशीला सगळा धवला पाठ होता, पण कानावर पडल्याशिवाय एकही ओळ तिच्या तोंडी येत नव्हती. बावीस वर्षं दुसरी होऊन राहिलेली बाई सात आठवड्यांत पहिली कशी होणार?

हळदीच्या सकाळी मांडव बायकांनी गच्च भरला. केसर पाटावर बसली, जातं फिरू लागलं. नीराबाई कानात पुटपुटत होती आणि काशी अशा खणखणीत आवाजात सोडत होती, की नीराबाईला थोडा हेवाच वाटला. देवांच्या ओळी झाल्या. केसरच्या पूर्वजांची नावं सुरू झाली आणि नीराबाईच्या ओटीपोटात कळ उठली. तिनं काशीचा हात धरला. "थांब काशे, टाके वढतान," ती कुजबुजली.

आणि काशीनं मान वर करून, गळा मोकळा सोडून म्हटलं, "थांब गो काशे, टाके वढतान!"

बायका तंद्रीतच होत्या. सगळ्या मांडवानं झेललं, "थांब गो काशे, टाके वढतान!"

मग जातं थांबलं. काशीचा चेहरा पांढराफटक पडला. केसरनं घाबरून वर पाहिलं, कारण उचललेला धवला मध्येच तुटणं म्हणजे नवरीला अपशकुन, हे तिथल्या पोरीबाळींनाही ठाऊक होतं. नीराबाईला काशीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण आधी पुढची ओळ हवी होती, आणि खाटेवर बांधलेल्या जोडीतलं काहीच इथे बसत नव्हतं. तिनं काशीला जवळ ओढलं.

"टाके कुनी घातले गो, कुनी घातले?"

काशीनं भीतभीत तिच्याकडे पाहिलं. हे म्हणायचं की नाही? नीराबाईनं चिमटा काढला. काशीनं ओळ सोडली, मांडवानं झेलली.

"मुंबैच्या बायनं घातले गो, रेशमी दोऱ्यानं."

तीही झेलली गेली.

"पोटातली पिशवी नेली गो, धवला ठेवला."

हे नीराबाईच्या तोंडून कसं निघालं, तिचं तिलाच कळलं नाही. काशीनं तीही ओळ सोडली. कुणी झेलली नाही. मंगलकार्यात, हळदीच्या पाटासमोर, असलं कुणी बोलतं का? नीराबाईनं मान खाली घातली. सगळं संपलं असं तिला वाटलं.

तेवढ्यात केसरची आजी, सोनूबाई, हिनं जात्याचा खुंटा धरला. तिची स्वतःची चार मुलं गेलेली. फाटक्या आवाजात ती एकटीच म्हणाली, "पिशवी नेली गो, धवला ठेवला." जातं पुन्हा फिरलं आणि मांडवातल्या सगळ्या बायांनी ती ओळ झेलली. नीराबाईनं डोळे पुसले आणि काशीच्या कानात पुढची ओळ सांगितली. "ठेवलेला धवला गो, केसरला वाढला." तिथून तिनं पूर्वजांची नावं पुन्हा उचलली. धवला तुटला नाही.

दुपारी दोघी बांधावरून घरी निघाल्या. अर्ध्या वाटेत नीराबाई थांबली. काशीनं आयुष्यात प्रथमच तिला विचारलं, "बरा वाटतंय ना?"

"न्हाय," नीराबाई म्हणाली. "दुखतंय."

"दुखतंय," काशी म्हणाली, आणि तिनं तिला हाताला धरून सावलीत बसवलं.