मोनालीचा सोमवार

माझी मुलगी मोनाली मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. जालन्यात हे सांगितलं की लोक आधी विचारतात, "पोहायला येतं का तिला?" आमच्या गावी, हसनाबादच्या विहिरीत तिच्या वडिलांनी कमरेला डबा बांधून शिकवलं तेवढंच येतं. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो प्रशिक्षणाला गेली तेव्हा.

जहाजाचा मार्ग आखणं आणि घड्याळं सांभाळणं हे तिचं काम. जहाज पश्चिमेकडे चाललं की अधूनमधून घड्याळ तासभर मागे घ्यायचं आणि तशी सूचना जेवणघरात लावायची. मी शाळेत भूगोल शिकवते, पण हे मला तिनंच नीट समजावलं. पूर्वीच्या खलाशांना ध्रुवताऱ्यावरून आपण किती उत्तरेला आहोत ते कळायचं; पूर्व-पश्चिम मात्र अंदाजानं. त्या अंदाजापायी जहाजं खडकांवर फुटली. पुढे डुलत्या जहाजातही बरोबर चालणारं घड्याळ निघालं. त्यात बंदराची वेळ तशीच ठेवायची, सूर्य माथ्यावर आला की त्यात किती वाजले ते बघायचं, आणि फरकावरून ओळखायचं किती दूर आलो. "आता उपग्रह सांगतो," ती म्हणाली, "पण सूर्य बघायला अजून शिकवतात. उपग्रह रुसला तर?" तेव्हापासून मला उपग्रहाचीही काळजी.

एप्रिलमध्ये जहाज चिलीहून चीनला निघालं होतं. शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"मम्मी, आमच्याकडं यंदा चौदा एप्रिल न्हाई."

मला लगेच कळलं. वाररेषा. दरवर्षी फळ्यावर ती वाकडी रेघ काढते. पृथ्वीला वळसा घालून परतलेल्या पहिल्या जहाजावर रोजची नोंद होती, तरी किनाऱ्यावर उतरल्यावर एक वार कमी भरला, हे सांगितलं की पोरं हसतात. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाईंनी, चांगुणाबाईंनी, फोनच ओढून घेतला. मी त्यांना आत्याबाई म्हणते. "बाबासाहेबांची जयंती न्हाई म्हंजे? वार कसा काय गळतो गं? पिशवीला भोक हाय का तुमच्या?"

"आज्जी, रेषा ओलांडली की एक तारीख सोडावी लागते. कॅप्टन म्हणून राह्यले, सोमवार सोडा."

"मंग रविवार सोडा म्हणावं. सुट्टीचं काय लोणचं घालायचंय?"

"रविवार सोडला तर खलाशी मला समुद्रात सोडतील!"

रविवारी त्यांना काम कमी आणि जेवायला बिर्याणी. तो वार कुणी हातचा जाऊ देत नाही. उरला मंगळवार. तारीख नेमकी कोणत्या रात्री बदलायची ते कॅप्टनच्या हातात असतं. मोनाली म्हणाली, "मी विचारते त्यांना."

"कारण विचारलं तर?"

"सांगीन."

नको, असं मी दोनदा म्हणाले. पहिल्या जहाजावर एकानं तिचं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागला. तेव्हापासून ती घरच्या गोष्टी जहाजावर काढत नाही. आता चीफ ऑफिसर होण्यासाठी याच कॅप्टनचा शेरा लागणार. एका दिवसासाठी कशाला?

"वाढदिवस आहे म्हण घरात," मी सुचवलं.

"कुणाचा, मम्मी?" ती म्हणाली आणि फोन तुटला.

शनिवारी काही नाही. मी पांढरी साडी इस्त्री केली, पुन्हा केली. हसनाबादला मिरवणुकीसाठी जायचं होतं, त्याची बॅग भरताना फोन दर वेळी हातात. आत्याबाई म्हणाल्या, "तो फोन काय अंडं घालणार हाय का?"

रविवारी दुपारी मेसेज आला. सोमवार राहिला, मंगळवार सोडला.

मी लिहिलं, काय सांगितलंस? ती म्हणाली, खरं ते. मग तिनं फोनच लावला. कॅप्टन चिडले होते. सूचना लावून झाल्यावर सुचलं का, आधी तोंड नव्हतं का, म्हणाले. सगळ्या पाळ्यांचं वेळापत्रक तिला नव्यानं करायला लावलं. आणि वर बजावलं, तारीख का बदलली ते सूचनेत लिही, मला दहा जण विचारायला नकोत.

"मग?"

"लिहिलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती. मोठ्या अक्षरात."

"कोण काय बोललं?"

"आचारी म्हणाला, खीर करू का. बाकीचे वाचून गेले."

वाचून गेले म्हणजे कसे गेले, हे मी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, बरं झालं, एकदाचं सगळ्यांला कळलं. मी मात्र कॅलेंडरवर दिवस मोजायला लागले. चीनचा किनारा लागायला अजून बरेच दिवस आहेत, आणि तोवर ती त्याच माणसांत आहे.

"तुला कसं वाटतंय?" मी शेवटी विचारलं.

"झोप येतेय," ती म्हणाली.