जिंकलेल्या कपातलं दूध

"हात पुढं कर," शालन म्हणाली.

शालन म्हणजे आमच्या हायस्कूलच्या मुलींच्या खो-खो टीमची कॅप्टन. तिच्या हातात त्या दिवशी जिंकलेला जिल्ह्याचा कप होता, आणि कपात तिच्या घरच्या म्हशीचं दूध. नुकतं काढलेलं, फेसाळ. माझ्या आधी एकोणीस मुलींनी त्या कपाला तोंड लावलं होतं. एकीनं प्यायचं, ओठांवरचा फेस मनगटानं पुसायचा आणि कप पुढचीला द्यायचा. विसावी मी. कप घ्यायला मी दोन्ही हात पुढं केले, तर शालननं कप मागं घेतला.

"तसं न्हवं. ओंजळ कर."

मी ओंजळ केली. आजही मला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते. का, कशाला, काहीच विचारलं नाही. हातांनी आपणहून ओंजळ केली. माझ्या आईच्या हातांना ती सवय होती, आजीच्या हातांना होती. माझे हात न शिकवताच शिकले होते.

शालननं कप वर उचलला. चांगला हातभर वर. आणि वरून दूध ओतलं. कोमट दूध ओंजळीत पडलं, बोटांच्या फटीतून कोपरापर्यंत ओघळलं.

"पी की लवकर," ती हळूच म्हणाली. "सगळी बघाय लागल्यात."

आणीबाणीच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. मी नववीत होते. आमची टीम सलग तीन वर्षं कोल्हापूर शहरात पहिली येत होती, आणि मला त्या टीमचं वेड होतं. वेड म्हणजे अगदी हाताबाहेर गेलेलं. गणितात मला पस्तिसाच्या वर कधी पडले नाहीत, पण कुठल्या मॅचला शालन किती मिनिटं पळाली, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. टीमचा सराव सकाळी सहाला. मी साडेपाचलाच मैदानावर हजर. त्यांचे स्वेटर मी सांभाळायचे. कुठलं कुणाचं, हे वासावरून ओळखायचे. हसू नका. चौदा वर्षांच्या पोरीचं प्रेम असंच असतं.

मी खेळत नव्हते. पळायचे चांगली, पण पी.टी.च्या बाई म्हणाल्या होत्या, "तू खेळू नकोस, तू ओरड. तुझा आवाज दहाजणींचा आहे." मला ती शाबासकी वाटली. मग मी ओरडले. दोन वर्षं ओरडले. घसा बसायचा, आई मीठ-हळदीच्या गुळण्या करायला लावायची, दुसऱ्या मॅचला मी पुन्हा तयार. "कोण जिंकणार?" असं मी एकटीनं विचारायचं आणि सगळ्या घोळक्यानं शाळेचं नाव घ्यायचं. समोरच्या शाळेच्या पोरी माझ्याकडं बोट दाखवून म्हणायच्या, "ह्या भोंग्याला आवरा की गं कुणीतरी." मला त्याचाही अभिमान.

माझा बा हलगी वाजवायचा. आम्ही मांगवाड्यातले. हे शाळेत मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मैत्रिणींनी कधी विचारलं नव्हतं. आमचं आडनाव मराठ्यांतही सापडतं. शाळेत नाव घालतानाच बानं बजावलं होतं, "साळंत मी तुझा कुणी न्हाय. रस्त्यात दिसलो तरी बोलायचं न्हाय." मला ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. कळलं नव्हतं म्हणूनच पाळलं.

त्या वर्षी जिल्ह्याची फायनल हातकणंगल्याला होती. टीमच्या बाराजणी, ओरडायला आम्ही दहा-अकराजणी आणि बाई, असे रेल्वेनं गेलो. मॅच शेवटच्या मिनिटापर्यंत अडलेली. समोरची एक उंच पोरगी काही केल्या हाताला लागेना. मी जीव खाऊन ओरडत होते, आणि शालननं खांबापाशी सूर मारला, ती थेट त्या पोरीच्या टाचेला हात लावूनच खाली पडली. गुडघे फुटले तिचे. रक्त माझ्या रुमालानं पुसलं.

परतताना शालन गाडीत माझ्या शेजारी बसली. सगळ्या सोडून माझ्या शेजारी. म्हणाली, "तुझ्या आवाजावर पळालो बघ आज मी." मग माझ्या फडक्यातला भाकरी-खर्डा तिनं ओढून घेतला. खर्डा लागून तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा माझ्याच बाटलीचं पाणी प्याली. तोंड लावून. नंतर माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. कोल्हापूर येईपर्यंत मी खांदा हलवला नाही. मला वाटलं, आपल्याला आता आणखी काही नको.

स्टेशनावर शालनच्या चुलत्यांनी मिरवणुकीची तयारी ठेवली होती. त्यांना सगळे आण्णा म्हणायचे. गुलालाची पोती होती, हार होते, आणि चार हलगीवाले होते. त्या चारांतला दुसरा माझा बा.

त्यानं मला बघितलं. मीही बघितलं. त्यानं लगेच मान खाली घातली आणि माझ्याकडं पाठ करून वाजवायला लागला. मीही शालनच्या शेजारी नाचायला लागले. माझ्या बाच्या हलगीवर मी परक्यासारखी नाचत होते. त्या वेळी मला त्याचं काही वाटलंही नाही, कारण आम्ही जिंकलो होतो.

दुपारी अवकाळी पाऊस पडून गेला होता. ओल्या हवेत हलगीचं कातडं सैल पडतं, आवाज नुसता भदभद येतो. मग ती जाळावर धरून तापवावी लागते. बाकीच्या तिघांनी आपापली तापवून घेतली आणि ते पुढं गेले. बा मागं राहिला. त्याच्या काड्या सर्दावल्या होत्या, पेटत नव्हत्या. एक मोडली, दुसरी मोडली. आण्णा मागं वळून ओरडले, "ए, झोपलास व्हय रं? कशाला आणलंय तुला? वाजीव की!"

बा त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी तरी मोठा होता.

पुढं मी जे केलं ते ठरवून केलं नाही. घरी हलगी तापवायचं काम माझंच असायचं. मला चालता यायला लागल्यापासून ते माझंच. एका टपरीच्या आडोशाला उसाचा कोरडा पाला पडला होता, तो मी गोळा केला. टपरीवाल्याकडून काडी मागून पेटवला. बाच्या हातातली हलगी घेतली, जाळावर गोल गोल फिरवली, बोटानं टिचकी मारून कानाशी धरली. भद. पुन्हा फिरवली, पुन्हा टिचकी मारली. ठण्ण. आता झाली. बाच्या हातात दिली आणि वर बघितलं.

मिरवणूक थांबली होती. सगळ्या मुली माझ्याकडं बघत होत्या. आण्णा एकदा माझ्याकडं आणि एकदा बाच्याकडं बघत होते. इतक्या सफाईनं ते काम दुसऱ्या कुणाच्या पोरीला आलं नसतं, हे तिथं प्रत्येकाला कळलं होतं.

बा खाली बघूनच पुटपुटला, "जा बाय. फुडं जा."

मी पुढं गेले. पुन्हा गुलाल उडला, पुन्हा हलगी सुरू झाली. फक्त शालनच्या शेजारी जागा नव्हती. दुसरीच कुणीतरी तिथं होती.

शालनच्या घरी म्हशींचा मोठा गोठा. आमच्या टीमची एक रीत पडली होती. कप जिंकला की अंगणात म्हैस बांधायची, कप धुऊन पहिली धार थेट कपात काढायची, आणि टीमनं, ओरडणाऱ्यांनी, सगळ्यांनी त्याच कपातून प्यायचं. आदल्या वर्षी शहराच्या कपातून मीही प्याले होते. म्हणून मी निर्धास्त रांगेत उभी राहिले. आण्णा शालनच्या कानाशी लागलेले मला दिसले होते. पण ती ऐकेल असं वाटलं नव्हतं. गाडीत तिनं माझी भाकरी खाल्ली होती ना.

आता दूध माझ्या ओंजळीत होतं. मी मान वर केली. फाटकाबाहेर चारही हलगीवाले उभे होते. बा माझ्याकडंच बघत होता. त्याचे डोळे सांगत होते, पी. पी गं बाय, पी आणि सुटका कर.

मी शालनकडं बघितलं. तिच्या ओठांवर अजून फेस होता. तिनं नजर वळवली.

मी हात उघडले.

दूध फरशीवर पडलं. म्हैस दचकली. एक मुलगी हसली आणि लगेच गप्प झाली.

"माज बघा हिचा!" आण्णा ओरडले. "ए हलगीवाल्या, हिकडं ये. पोर तुझीच न्हवं ही?"

बा फाटकातून आत आला. चपला बाहेर काढून आला. म्हणाला, "माझीच हाय, मालक."

दोन वर्षं आम्ही दोघांनी जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते बा सगळ्या शाळेसमोर बोलला. तेही हात जोडून. "पोर हाय. चुकलं. पदरात घ्या." मग त्यानं डोक्याचा पटका सोडला, गुडघ्यावर बसला आणि फरशी पुसायला लागला. मी तिथंच उभी. माझ्या पायांजवळचं दूध पुसताना त्यानं माझा पाय हलकेच बाजूला सरकवला. मला ओरडायचं होतं. दहाजणींचा आवाज होता ना माझा. तो फुटलाच नाही.

शालननं कप पुढच्या मुलीच्या हातात दिला. ती प्याली.

फरशी कोरडी झाली तेव्हा आण्णा म्हणाले, "हं, आता वाजीव."

बानं ओला पटका खांद्यावर टाकला आणि वाजवायला लागला.

घरी येताना आम्ही पहिल्यांदाच रस्त्यानं बरोबर चाललो. लपवायचं काही उरलंच नव्हतं. चालता चालता तो म्हणाला, "प्याली असतीस तर काय झालं असतं?"

मी म्हणाले, "तू का पुसलंस?"

तो थांबला. म्हणाला, "मी न्हाय पुसलं असतं, तर तुला पुसाय लावलं असतं."

एवढंच. पण त्या एका वाक्यानं माझं लहानपण तिथंच रस्त्यावर संपलं. माझा बा भित्रा नव्हता. तो माझ्या वाटणीचं झेलत होता, आणि मी कित्येक वर्षं ते बघितलंसुद्धा नव्हतं.

महिन्याभरानं पुढच्या फेरीची मॅच आमच्याच शाळेच्या मैदानावर ठरली. बाईंनी मला बोलावून घेतलं. "सरावाला येत नाहीस हल्ली. उद्या सगळ्यांना घेऊन पुढं उभी राहा."

"मी वरडणार न्हाय, बाई."

"अगं, एवढंसं काय ते झालं आणि तू मनाला लावून घेतलंस? शाळेच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

"बाई, कप कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? शाळेचा."

"मग मी कुणाची?"

बाईंनी पुढ्यातलं हजेरीपुस्तक उघडलं. पानं उलटत राहिल्या. त्या दिवशी अंगणात त्याही होत्या. माझ्या आधी त्याही त्या कपातून प्याल्या होत्या. मी वर्गात निघून आले.

मॅचच्या दिवशी सगळा वर्ग मैदानावर गेला. मी एकटी बाकावर बसून राहिले. खिडकीतून आवाज येत होते. माझ्याऐवजी कुणीतरी "कोण जिंकणार?" विचारत होती. बारीक आवाज होता, मधेच चिरकायचा. माझे ओठ आपोआप हलत होते. मी ते दातांखाली धरले. मग एकदम मोठा गलका झाला आणि मला कळलं, जिंकल्या.

मला आनंद झाला.

खोटं कशाला सांगू? उडी मारावी इतका आनंद झाला. शालननं पुन्हा सूर मारला असेल का, गुडघे फुटले असतील का, हेच आधी मनात आलं. आणि त्या आनंदाचीच मला इतकी चीड आली की मी बाकावर डोकं ठेवून रडले. शालनवर नाही, आण्णांवर नाही, मी माझ्यावर चिडले होते. ज्यांनी माझ्या बाला गुडघ्यावर बसवलं, त्यांच्या जिंकण्यानं माझं काळीज अजून नाचत होतं.

थोड्या वेळानं रस्त्यावरून हलगी आली. चारांतली बाची कुठली, हे मला न बघता कळलं. तो गेला होता. आदल्या दिवशी मी त्याला जाऊ नकोस म्हणाले होते, आणि तो म्हणाला होता, "तुला 'न्हाय' म्हणता येतंय, तर तू म्हण. मला येत न्हाय." मी खिडकीत गेले नाही.

त्याच बाकावर मी ठरवलं. यांच्या विजयात मी नाही. राग असेल तोवर नाही, एवढंच नव्हे. राग कधीतरी जाईल, प्रेम पुन्हा वर येईल, तेव्हाही नाही. तेव्हा तर मुळीच नाही. कारण मला ओंजळ करायला आण्णांनी शिकवलं नव्हतं. हातांना सवय होती, पण शालनवरच्या प्रेमापोटी मी ते पुढं केले होते.

आज माझी साठी उलटून गेली आहे. पेपरात त्या शाळेचं नाव दिसलं की अजून पहिल्यांदा तेच वाचते. पोरी जिंकल्या असल्या की बातमी दोनदा वाचते. मी पेपर घडी करून ठेवते. टाळी वाजवायला हात उचलू बघतात. मी उचलू देत नाही.