आभाळातली पाटी

दारात उभं राहून बाई पदराचं टोक दोन बोटांत धरायच्या आणि सोडून द्यायच्या. टोक कुठल्या अंगाला उडतंय ते पाहून म्हणायच्या, "आज आभाळात काम हाय." टोक लोंबतच राहिलं तर म्हणायच्या, "आज मशिनीवर."

नगरमधल्या आमच्या ख्रिस्ती वस्तीतल्या गल्लीत सगळे त्यांना बाई म्हणत. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, त्या शेजारच्या घरात कपडे शिवायच्या. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. बाईंचे यजमान मोठ्या वावड्या बांधण्यात पटाईत होते. ते वारले. मागे राहिल्या भिंतीला टेकवलेल्या कामट्या आणि दोराची गुंडाळी. बाईंनी त्या विकल्या नाहीत.

वावडी म्हणजे माणसापेक्षा उंच, कापडाचा पतंग. तिच्या दोराला बाई मलमलीचा लांब पट्टा बांधायच्या. पट्ट्यावर काळ्या कापडाची अक्षरं, एकाखाली एक शिवलेली. अक्षरं मी खडूनं आखून द्यायचो, कातरायच्या त्या. बाजारच्या दिवशी गावावर दुकानाचं नाव तरंगू लागलं, की शेतात वाकलेली माणसंही कंबर सरळ करायची. पतंग तुम्ही पुष्कळ पाहिले असतील, पण रानातून वाचता येणारं दुकान कुठं पाहिलंत?

एका हलवाईशेठना पट्ट्यावर वडिलांचं नाव हवं होतं, स्वतःचं हवं होतं, शिवाय 'शुद्ध तुपातील मिठाई' हेही हवं होतं. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "शेठ, एवढं वाचंस्तोवर गिऱ्हाईक घरी जाऊन जेवंल." शेवटी 'पेढे' एवढंच उडालं, आणि शेठ तेवढ्यावर खूश झाले.

पण बाई खऱ्या कळल्या त्या धोंडिबाच्या वेळी.

धोंडिबा सोनईकडच्या एका खेड्यातला चर्मकार. वहाणा अशा बनवायचा की चालताना पायाला जाणवू नयेत. त्यानं वेशीबाहेरचं बिऱ्हाड सोडून थेट नगरच्या बाजारपेठेत दुकान थाटलं. ते काहींना खपलं नाही. मी रंगवलेली पाटी रात्रीतून नाहीशी झाली. दुसरी लावली, तीही गेली. गिऱ्हाईक दारावरून मान खाली घालून जाऊ लागलं. धोंडिबा हताश होऊन माझ्याकडे आला, मी त्याला बाईंकडे नेलं.

"नाव नगं बाई," तो म्हणाला. "नुसतं 'वहाणा' लिवा."

"वहाणा काय आपल्या पायानं दुकानात आल्या व्हय? केल्या कुनी?"

"म्या."

"मंग तुजंच नाव लिवायचं." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुजी पाटी त्यांच्या हाताला लागती, पेंटर. माजी लागू दे बरं."

आखाडातला बाजार होता. वारा चांगला वाहत होता. गावाबाहेरच्या माळावरून बाईंनी वावडी सोडली आणि पेठेच्या माथ्यावर ती तीन अक्षरं उभी राहिली: धों, डि, बा. खाली बाजार थबकला.

थोड्याच वेळात एक कापडाचे व्यापारी तरातरा माळावर आले. बाईंना सर्वांत जास्त काम देणारे तेच.

"बाई, हे खाली घ्या. नाहीतर आमचं काम आजपासून बंद."

मी बाईंकडे पाहिलं. त्या कामावर त्यांची चूल पेटायची. त्यांनी दोर कमरेभोवती एक वेढा घेऊन घट्ट केला.

"शेठ, माळ गावाचा हाय. तुमचं काम तुमी ठेवा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पर ह्यो वारा कुनाच्या बापाचा न्हाई."

शेठ आल्या वाटेनं तरातरा परत गेले. दुपारी वारा पडला. पट्टा लोंबला, अक्षरं मिटू लागली. पन्नाशीतल्या बाई काष्टा मारून माळावर धावत सुटल्या. मी मागून धावलो आणि दोराला हात घातला. दोरानं माझे तळवे सोलले, बाईंचे तर रक्ताळले. वावडी डोलली, हेलकावली, पुन्हा ताठ झाली. तेव्हा बाई हसल्या. एवढं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही पेठेत गेलो. वाड्या-वस्त्यांवरून नाव वाचून आलेली माणसं धोंडिबाच्या दारात पाय पुढे करून बसली होती. त्यांना गावातल्या भानगडी ठाऊक नव्हत्या, वहाणा हव्या होत्या. पुढच्या बाजाराला गावातलेही दोघेचौघे आले. माझी तिसरी पाटी मग कुणी काढली नाही.

कापडवाल्या शेठनी मात्र शब्द पाळला, बाईंना पुन्हा काम दिलं नाही. बाई कुरकुरल्या नाहीत. जास्त कपडे शिवू लागल्या आणि वावडी सोडायचं सोडलं नाही.

काही वर्षांनी साध्या तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. बेलापूरला शिक्षिका असलेली त्यांची मुलगी आली. शवपेटी उचलायची वेळ झाली, तेव्हा धुळीनं भरलेला धोंडिबा गल्लीत शिरला. आपल्या खेड्यात गेला होता, निरोप मिळताच पहाटे तिथून चालत निघाला होता. पेटीपासून चार हात दूर, भिंतीला लागून उभा राहिला.

"हे कोण?" कुणीतरी विचारलं.

मुलगी पुढे झाली. त्याचा हात धरून तिनं त्याला पेटीच्या पुढच्या बाजूला आणलं.

"माझे मामा आहेत," ती म्हणाली.

धोंडिबानं डोक्याचं मुंडासं सोडून खांद्यावर घडी करून ठेवलं, आणि खांदा दिला.